सकाळी केलेलं गार सँडविच दुपारपर्यंत ओलं होतं, आंबतं किंवा बाधतं : काय तपासायचं, कोणत्या क्रमाने

ठाण्यात घरच्या स्वयंपाकघरातून मी ऑफिसांना आणि दोन क्लासेसना गार सँडविच पुरवते. चटणी-चीज, बटाटा-काकडी-बीट, अंडं-मेयो, चिकन-मेयो आणि चिकन सलामी. रोज साठ-सत्तर नग होतात. पहाटे साडेपाचला ओट्यावर ब्रेड मांडला जातो आणि खाणारा दुपारी एक-दीडला डबा उघडतो. मधल्या सात-आठ तासांत जे बिघडायचं ते बिघडतं. आठ वर्षांत हा बिघाड मी आधी माझ्या मालात शोधला, मग माझ्यासारखंच काम करणाऱ्या बऱ्याच जणींच्या स्वयंपाकघरात जाऊन शोधला. मुलांना किंवा नवऱ्याला डब्यात सँडविच देणाऱ्यांनाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं.

लक्षणं

खालची स्लाइस भिजून हातात फाटते. काकडी-टोमॅटोच्या जागी ब्रेडवर गोल ओले डाग पडतात.

कडा वाळून ताठ होतात आणि मधला भाग मात्र लगदा.

हिरवी चटणी काळपट दिसते, चव कडवट लागते.

पिशवीच्या किंवा फिल्मच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमतात.

उघडल्यावर आंबूस वास येतो. बटाटा बोटाला चिकट लागतो, सलामीवर बुळबुळीत थर येतो. (सलामी किंवा हॅमच्या कापलेल्या तुकड्यावर नुसती इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली तर तेवढ्याने माल खराब ठरत नाही, ती उजेडामुळे दिसते. बुळबुळीतपणा आणि वास आला तर खराब.)

ब्रेड तोडला की मधून कोळ्याच्या जाळ्यासारखी तार निघते.

आणि शेवटचं लक्षण: सँडविच दिसायला, वासाला, चवीला उत्तम होतं, पण संध्याकाळी खाणाऱ्याला उलट्या झाल्या.

हे शेवटचं लक्षण वेगळं काढून ठेवा. बाकीच्या बहुतेक तक्रारींत दोष पाण्याचा असतो. सँडविच भिजलं म्हणून कोणी आजारी पडत नाही, फक्त ते परत येतं. आजारी पाडणारा दोष उबेचा आणि हातांचा असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही कळत नाही. वास बदलणारे जंतू वेगळे आणि पोट बिघडवणारे बहुतेक वेगळे. म्हणून "वास घेऊन बघितला, बरा होता" हे उत्तर मी कोणाकडूनच मान्य करत नाही. तक्रार ओलेपणाची असली तरी खालच्या पहिल्या दोन तपासण्या आधी करा. त्यांना पैसा लागत नाही आणि धोका तिथेच असतो.

पहिली तपासणी : घड्याळ

एक कागद फ्रीजवर चिकटवा आणि तीन दिवस पाच वेळा लिहा: जिन्नस फ्रीजबाहेर कधी काढले, सँडविच बांधून कधी झालं, फ्रीजमध्ये कधी गेलं, घराबाहेर कधी पडलं, खाल्लं कधी गेलं. मग सँडविच थंडाव्याबाहेर एकूण किती वेळ होतं याची बेरीज करा.

५ ते ६० अंश सेल्सिअस हा जंतू वाढण्याचा पट्टा आहे. शिजवलेलं चिकन, अंडं, उकडलेला बटाटा, सलामी, मेयो घातलेलं सारण, कापलेला टोमॅटो यांनी या पट्ट्यात सगळे तुकडे मिळून दोन तासांपेक्षा जास्त काढू नयेत. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मे आणि ऑक्टोबरच्या दुपारी ३२ अंश सहज ओलांडले जातात, आणि गॅस चालू असलेल्या बंद स्वयंपाकघरात त्याहून आधी. पोषक जागा आणि ऊब मिळाली तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. सहा तासांत अठरा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे अडीच लाखांच्या वर. बेरीज करायची ती म्हणूनच. सकाळी पाऊण तास ओट्यावर, अर्धा तास पिशवीत आणि दीड तास ऑफिसच्या टेबलावर, असं तुटक तुटक धरलं तर काहीच वाटत नाही.

बदलापूरच्या एका ताईंचं चिकन-मेयो दोनदा परत आलं होतं. त्यांनी मेयोची कंपनी बदलली, मग ब्रेड बदलला. कागदावर वेळा लिहिल्यावर दिसलं ते असं: सँडविच पहाटे पाचला तयार व्हायची आणि आठपर्यंत ओट्यावर ओल्या फडक्याखाली राहायची, कारण फ्रीजमध्ये ठेवली की कडा वाळतात अशी त्यांना भीती होती. भीती खरी होती. ब्रेडमधला स्टार्च फ्रीजच्या थंडाव्यात बाहेरपेक्षा लवकर ताठरतो. पण त्यावर इलाज घट्ट गुंडाळणं हा आहे. सारण भरलेलं सँडविच बाहेर ठेवणं हा इलाज होऊ शकत नाही. नुसता ब्रेड मात्र फ्रीजमध्ये ठेवू नका. दोन दिवसांत संपणार असेल तर बाहेर, नाहीतर सरळ फ्रीझरमध्ये.

मी आता दहा-दहाचे घाणे करते. दहा सँडविचपुरतंच सारण बाहेर, ती बांधून फ्रीजमध्ये, मग पुढची दहा. यात वीस मिनिटं जास्त जातात. ती घालवाच.

दुसरी तपासणी : हात, फडकं, सुरी

सँडविच हा पदार्थ हातांनी रचला जातो आणि त्यानंतर शिजवला जात नाही. म्हणून हातावरचं जे आत गेलं ते आतच राहतं. स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू निरोगी माणसाच्या नाकात आणि त्वचेवर असू शकतो, आणि कापलेल्या, पिकलेल्या बोटावर तर भरपूर असतो. त्याला मीठही चालतं, म्हणून सलामी-हॅमसारख्या खारवलेल्या मांसावर तो इतरांपेक्षा आरामात वाढतो. वाढताना तो विष तयार करतो, आणि ते विष उष्णतेने मोडत नाही. मला सर्वांत जास्त वेळा हेच समजावून सांगावं लागतं. "दुपारी तव्यावर शेकून देऊ" म्हणून उशिराचं सँडविच चालत नाही. जंतू मरतील, विष तिथेच राहील. असं सँडविच खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून आठ तासांत उलट्या सुरू होतात.

काय बघायचं: साबणाने वीस सेकंद हात धुतले जातात का? मध्येच फोन उचलला, केस मागे सारले, नाक पुसलं, पैसे घेतले, तर पुन्हा धुतले जातात का? हातमोजे घातले म्हणून सुटका नाही. मोज्याने फोन उचलला की मोजाही हाताइतकाच मळला. बोट कापलेलं किंवा पिकलेलं असेल, पोट बिघडलेलं असेल, तर त्या दिवशी त्या व्यक्तीने सँडविच करायचं नाही. माझ्या मदतनीसबाईंना मी त्या दिवसाची मजुरी देते आणि घरी पाठवते, नाहीतर कोणीच खरं सांगणार नाही.

फडकं हा दुसरा गुन्हेगार. एकच ओलं फडकं ओटा पुसतं, सुरी पुसतं आणि हातही पुसतं. मी सहा सुती फडकी ठेवते, प्रत्येक घाण्याला नवं, आणि कामानंतर सगळी उकळून उन्हात टाकते. कच्च्या चिकनसाठी पाट आणि सुरी वेगळी. कच्चं चिकन नळाखाली धुण्याची सवयही सोडा, शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात.

तिसरी तपासणी : पाणी कुठून येतंय

आता ओलेपणाकडे वळू. नव्वद टक्के फोन मला याच कारणासाठी येतात.

सर्वांत आधी बटर. बटर चवीसाठी असतं हे खरं, पण सँडविचमध्ये त्याचं मोठं काम भिंतीचं आहे. स्निग्ध थरातून पाणी पलीकडे जात नाही. म्हणून दोन्ही स्लाइसना, आतल्या बाजूने, अगदी कडेपर्यंत बटर लागलं पाहिजे. फ्रीजमधून काढलेलं कडक बटर लावायला गेलात तर ब्रेड फाटतो, मधे गोळा राहतो आणि कडा कोऱ्या राहतात. तिथूनच पाणी शिरतं. फक्त बटर तेवढं अर्धा तास आधी बाहेर काढा. वितळवून मात्र लावू नका. पातळ बटर ब्रेडमध्ये मुरतं आणि भिंत राहत नाही.

मग मीठ. काकडीवर, टोमॅटोवर, बीटवर मीठ किंवा चाट मसाला पडला की दहा मिनिटांत पाणी सुटायला लागतं. कोशिंबिरीत आपण हे रोज बघतो. गाडीवरचा सँडविचवाला प्रत्येक थरावर मसाला भुरभुरतो आणि त्याचं सँडविच छान लागतं, कारण गिऱ्हाईक ते समोर उभं राहून पाच मिनिटांत खातं. तीच पद्धत सात तासांच्या डब्याला लावली की लगदा होतो. मसाला बटरमध्ये कालवा किंवा पुडीत वेगळा द्या. मी पुडी देते. लोकांना वरून भुरभुरायला आवडतंही.

टोमॅटोचा बियांचा गर चमच्याने काढून टाका, फक्त मांसल भाग घ्या. काकडी चकत्या करून स्वच्छ कोरड्या फडक्यावर पसरा, वरून दुसरं फडकं दाबा, दहा मिनिटं फ्रीजमध्ये. बीट उकडल्यावर साल काढून पूर्ण गार होऊ द्या आणि तसंच टिपून घ्या. पालेभाजीची पानं धुतल्यावर चाळणीत निथळून पुसायची.

थरांचा क्रमही महत्त्वाचा. ब्रेड, बटर, मग चीजची स्लाइस किंवा बटाट्याच्या चकत्या, मधोमध काकडी-टोमॅटो, मग पुन्हा कोरडा जिन्नस, बटर, ब्रेड. पाणी सोडणारी वस्तू ब्रेडला कुठेच टेकता कामा नये. नुसता हा क्रम बदलून अर्ध्याहून जास्त तक्रारी थांबलेल्या मी पाहिल्या आहेत.

चौथी तपासणी : चटणी

चटणी काळी पडते ती कोथिंबीर-पुदिन्याच्या चिरडलेल्या पानांतल्या एन्झाइममुळे. हवा लागली की कापलेल्या सफरचंदासारखंच होतं. मिक्सर तापला की हे लवकर होतं. म्हणून वाटताना बर्फाचे दोन खडे आणि लिंबू आधीच घाला, शेवटी वरून पिळू नका. साधं पाणी घालूच नका. दाटपणासाठी मूठभर डाळं किंवा ब्रेडचा तुकडा बरोबर वाटला की सुटं पाणी तो धरून ठेवतो. वाटून झाल्यावर बारीक गाळणीत पाच मिनिटं ठेवा, खाली जमलेलं हिरवं पाणी आमटीत घाला. चटणी चमच्यात उभी राहिली पाहिजे.

सुरक्षिततेच्या बाजूने चटणी मला चिकनइतकीच काळजीची वाटते, कारण ती कच्ची असते. कोथिंबिरीच्या जुड्या मातीसकट येतात. मुळं कापून, पानं मोठ्या पातेल्यात तीन-चार पाण्यांत बुडवून धुवायची, प्रत्येक वेळी पानं वर उचलून घ्यायची म्हणजे माती तळाशी राहते. शेवटचं पाणी पिण्याचं हवं. पावसाळ्यात मी धुतलेली पानं उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाकते. रंगही टिकतो आणि जंतूही कमी होतात. चव थोडी सौम्य होते, ती हिरव्या मिरचीने भरून निघते.

केलेली चटणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा आणि रोज लागतील तेवढे खडे फ्रीजमध्ये विरघळू द्या. कालची उरलेली वाटी आजच्या चटणीत मिसळायची नाही.

पाचवी तपासणी : शिजवलेलं गार कसं होतं

रात्री बटाटे उकडून कुकरमध्येच ठेवणं ही घरोघरची सवय आहे. कुकर आतून तासन् तास कोमट राहतो. बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू (त्याची टणक, निद्रिस्त रूपं) उकळण्यातूनही वाचतात आणि अशा कोमट, ओल्या, पिठूळ जागेत उगवतात. यातल्या काहींचं विषही पुन्हा तापवल्याने जात नाही. बटाटे शिजले की सोला, परातीत एका थरात पसरा, पंख्याखाली वाफ जाऊ द्या, आणि फ्रीजमध्ये. उकडलेलं चिकनही मोठ्या पातेल्यात राहू देऊ नका, हाताने तोडून उथळ ताटात पसरा, थर दोन इंचांपेक्षा जाड नको.

अंडी उकडल्यावर स्वच्छ गार पाण्यात टाका. गार होताना कवचाच्या छिद्रांतून पाणी आत ओढलं जातं, म्हणून तेही पाणी पिण्याचंच हवं.

गरम सारण कधीही ब्रेडमध्ये भरू नका. कोमट बटाटा भरून फिल्ममध्ये गुंडाळला की त्याची वाफ आतच पाणी होते. पिशवीतल्या थेंबांचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

सहावी तपासणी : मेयो

लोक सर्वांत आधी मेयोवर बोट ठेवतात. बाजारच्या बाटलीतला मेयो आंबट असतो आणि त्या आंबटपणात जंतू सहसा वाढत नाहीत. पण त्यात चिकन, अंडं किंवा बटाटा मिसळला की आंबटपणा कमी होतो, आणि त्या मिश्रणाला चिकनचेच नियम लागू होतात.

घरी कच्च्या अंड्याचा मेयो करून विकत असाल तर आज थांबवा. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला नावाचा, पोट बिघडवणारा जंतू येऊ शकतो. केरळने २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोवर बंदी घातली, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये एकेका वर्षासाठी. बिनअंड्याचा किंवा पाश्चराइज्ड अंड्याचा मेयो घ्या. बाटली उघडली की झाकणावर तारीख लिहा, आणि सारणाचा चमचा परत बाटलीत घालू नका.

सातवी तपासणी : गुंडाळणं

आधी बटर पेपर, त्यावर घट्ट क्लिंग फिल्म, मग कडक डबा. बटर पेपर उरलीसुरली ओल टिपतो, फिल्म कडा वाळू देत नाही, डबा दाब सहन करतो. सँडविच दाबलं गेलं की टोमॅटो चिरडतो आणि तिसऱ्या तपासणीतली सगळी मेहनत वाया जाते. प्रत्येकावर केल्याची वेळ आणि "एवढ्या वाजेपर्यंत खा" असं लिहा. मी न गोठवलेला, फ्रीजमधला मालही दुसऱ्या दिवशी विकत नाही.

आठवी तपासणी : फ्रीज

इथून पुढे थोडा खर्च आहे. टोचायचा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत येतो. आधी तोच खरा दाखवतो का बघा: पेल्यात बर्फाचा चुरा भरून थोडं पाणी घाला, ढवळा, टोक मधोमध धरा. शून्याच्या आसपास यायला हवा.

मग पेलाभर पाणी फ्रीजच्या मधल्या फळीवर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्या उघडल्या त्याचं तापमान घ्या. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं बदलत नाही. ५ अंश किंवा खाली हवं, मी ४ वर ठेवते. मी तपासलेल्या घरांपैकी बऱ्याच ठिकाणी ८-९ अंश निघाले, आणि त्या बायका फ्रीज "छान गार करतो" असंच सांगत होत्या.

जास्त निघालं तर क्रमाने बघा. नॉबचा आकडा वाढवा. फ्रीज ठासून भरला असेल तर रिकामा करा, हवा फिरायला जागा लागते. गरम पातेलं आत ठेवलं होतं का आठवा. दारात दहाची नोट अडकवून ओढा, सहज सुटून आली तर रबर सैल आहे. ते साबणाच्या पाण्याने पुसून चिकटपणा काढा, पुन्हा बघा. मागची जाळी धुळीने भरली असेल तर प्लग काढून ब्रशने झाडा, भिंतीपासून फ्रीज थोडा पुढे घ्या. जुन्या फ्रीझरमध्ये बर्फाचा जाड थर असेल तर तो वितळू द्या, सुरीने खरवडू नका. चोवीस तास थांबून पुन्हा पेला ठेवा. दारातल्या कप्प्यात सारण कधीच ठेवू नका, तो फ्रीजमधला सर्वांत उबदार भाग असतो.

वीज गेली तर दार बंद ठेवून फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. त्याहून जास्त वेळ गेली असेल तर चिकन, अंडी, सलामी, सारण सगळं टाका. टाकताना जीव तुटतो, मला माहीत आहे.

नववी तपासणी : वाटचाल

ठाण्याहून मुंबईतल्या बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल) माल जाईपर्यंत सव्वा तास जातो, पावसात दोन. थर्माकोलच्या बॉक्समध्ये गोठवलेले जेल पॅक खाली आणि वर, दोन्हीकडे हवेत, कारण गार हवा खाली उतरते आणि वरचा थर उबदार राहतो. एकच पॅक असेल तर तो वर ठेवा. एकदा एक जादा सँडविच बॉक्समध्ये पाठवा आणि पोचल्यावर थर्मामीटर त्याच्या पोटात टोचायला सांगा. माझं पहिल्यांदा १७ अंश आलं होतं, आणि मी समजत होते की सगळं बर्फासारखं जातंय. पोचल्यावर माल टेबलावर न राहता ऑफिसच्या फ्रीजमध्ये जातो का, हे तिथल्या पँट्रीतल्या माणसाशी बोलून ठरवा.

मुलांच्या डब्यासाठी सोपी युक्ती: चटणी-चीज किंवा नुसत्या चिकन-बटरचं सँडविच रात्री गोठवा आणि सकाळी तसंच जेल पॅकबरोबर द्या. दुपारपर्यंत विरघळतं. काकडी, टोमॅटो, उकडलेलं अंडं आणि मेयो मात्र गोठवू नका. भाज्या लिबलिबीत होतात, अंड्याचा पांढरा भाग रबरासारखा होतो, मेयो फुटतो.

दहावी तपासणी : सलामी, हॅम आणि लिस्टेरिया

फ्रीजचा थंडावा बहुतेक जंतूंना थोपवतो. लिस्टेरिया मात्र फ्रीजमध्येही हळूहळू वाढतो, आणि कापलेलं तयार मांस ही त्याची आवडती जागा. २०२४ मध्ये अमेरिकेत डेली काउंटरवर (दुकानातल्या तयार मांसाच्या विभागात) कापून विकल्या जाणाऱ्या मांसातून तो पसरला तेव्हा ६१ जण आजारी पडले आणि त्यांतले १० दगावले. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांचा तर रोजचा डबाच टर्की किंवा हॅमच्या सँडविचचा असतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. पाकीट फोडल्यावर तीन ते पाच दिवसांत संपवा, फोडल्याची तारीख घाला. माझ्याकडे तिसऱ्या दिवशी उरलेलं फेकलं जातं. कापायचं यंत्र असेल तर पातं काढून रोज धुवा, मांसाचा चुरा पात्यामागे साचतो.

गरोदर बाईने, पासष्टीच्या पुढच्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांनी गार सलामी-हॅम खाऊच नये. खायचं असेल तर वाफ येईपर्यंत, आतून ७४ अंशांपर्यंत तापवून. ऑर्डर घेताना मी हे विचारते. एकदा एका मुलीने लाजत सांगितलं की तिसरा महिना चालू आहे, आणि तिला मी गरम ग्रिल केलेलं चीज सँडविच पाठवलं.

अकरावी तपासणी : ब्रेडची तार

ही तक्रार क्वचित येते, पण आली की घर हलवते. ब्रेड तोडल्यावर तार निघते, मधला भाग तपकिरी-चिकट होतो आणि अतिपिकलेल्या फळासारखा गोडसर वास येतो. हा बॅसिलस जातीच्या जंतूंचा प्रताप. त्यांचे बीजाणू भट्टीतूनही वाचतात आणि दमट उकाड्यात ब्रेडच्या पोटात वाढतात. दोष बेकरीत असतो, पण घरात आला की फळ्यांवर, सुरीवर, ब्रेडच्या डब्यात राहतो. सगळा ब्रेड टाका, जागा साबणाने धुवून मग व्हिनेगरने पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि बेकरीवाल्याला सांगा, त्यालाही भट्टीखाना साफ करावा लागेल. साध्या बुरशीचंही तसंच. डागाची स्लाइस काढून बाकीचा पाव वापरू नका, तंतू आत लांबवर गेलेले असतात.

इथे थांबा, दुसऱ्याला बोलवा

नॉब, रबर, जाळी, बर्फ सगळं करूनही चोवीस तासांनी पेल्यातलं पाणी ५ अंशांच्या वर असेल तर फ्रीजच्या मेकॅनिकला बोलवा. स्वतः मागचं झाकण उघडू नका. हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील वायू असतो, आणि गळती शोधणं, गॅस भरणं हे आपलं काम नाही. दुरुस्ती होईपर्यंत ऑर्डर बंद, निदान चिकन, अंडं आणि सलामीच्या तरी.

सगळ्या तपासण्या करूनही माल पुन्हा पुन्हा आंबत असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत सँडविच आणि घरातलं पाणी, दोन्ही तपासायला द्या. पाण्याची टाकी हा दोष माझ्या ओळखीच्या एका स्वयंपाकघरात असाच सापडला. विकत असाल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागतेच, आणि त्यांचं अन्न हाताळणाऱ्यांसाठीचं फोस्टॅक प्रशिक्षण एका दिवसाचं असतं, ते करून घ्या.

एकाच दिवशीच्या मालाने दोन माणसांना त्रास झाला तर त्याच क्षणी विक्री थांबवा. त्या घाण्यातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करून न खाण्यास सांगा. मी प्रत्येक प्रकाराचं एक सँडविच नाव-तारीख घालून तीन दिवस फ्रीजमध्ये राखून ठेवते. असं काही ठेवलं असेल तर ते फेकू नका, चाखूही नका, अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांना कळवा आणि त्यांच्या हवाली करा. ओटा-भांडी त्यांना विचारल्याशिवाय धुवायला घेऊ नका.

त्रास झालेल्या माणसाला घोट घोट ओआरएस द्या. पण शौचात रक्त, ३८.९ अंशांच्या वर म्हणजे १०२ फॅरनहाइटहून जास्त ताप, पोटात पाण्याचा घोटही न ठरणं, लघवी कमी होणं, उभं राहिल्यावर चक्कर, किंवा तीन दिवसांहून लांबलेले जुलाब, यांतलं एक जरी दिसलं तरी घरगुती उपाय थांबवून डॉक्टरकडे जा. लहान मूल आणि म्हातारं माणूस असेल तर एवढीही वाट बघू नका. गरोदर बाईला अशा सँडविचनंतर नुसता ताप आणि अंगदुखी झाली, पोट ठीक असलं तरी, त्याच दिवशी डॉक्टरकडे. लिस्टेरियाची लक्षणं काही आठवड्यांनीही दिसू शकतात, म्हणून तिने काय खाल्लं आणि कोणत्या तारखेला, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.